वाळूतला डोह

रविवार, ७ जानेवारी २०२४, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. डहाणू रोडच्या पूर्वेला, रेल्वे फाटकापलीकडच्या लहानशा प्रार्थनामंदिरात प्रभुभोजनाचे एकेचाळीस पेले भरून फिरले. चाळीस रिकामे परत आले आणि एक भरलेला. भरलेला पेला दौलत वरठाच्या बायकोचा, धाकलीचा होता, आणि बायकांच्या बाजूचे तबक नेमके दौलतच्याच हातात होते. धाकलीने पेला तबकातल्या भोकात अलगद बसवला, दोन बोटांनी जरासा फिरवून तो नीट टेकला आहे ना हे पाहिले, आणि पदर सारखा करून ती समोरच्या भिंतीकडे बघू लागली. त्या भिंतीवर पाच वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या धक्क्यांनी गेलेली तिरपी भेग होती आणि भेगेवर दौलतने स्वतः सिमेंटने बसवलेली काचेची पट्टी होती. भेग वाढली तर काच तडकेल, एवढ्यासाठीच ती पट्टी. काच शाबूत होती. दौलतने तबक मेजावर ठेवले आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो रसाचा. रस नासला असेल. पण शनिवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून तो रस धाकलीनेच काढला होता, गेली तीस वर्षे तीच काढत आली होती, आणि चाळीस जणांनी तो निमूटपणे घेतला होता. त्यानेही घेतला होता. जिभेवर मनुकांचा तुरट गोडवा अजून होता.

न घेतलेला पेला पुन्हा बाटलीत ओतायचा नाही, दुसऱ्याने प्यायचा नाही; तो अंगणातल्या चिकूच्या बुंध्याशी मातीत ओतायचा, असा या मंडळीचा रिवाज होता. एरवी असा पेला एखाद्या तापकरी माणसाचा असे, आणि तो ओतताना दौलतच्या मनात काही येत नसे. आज ओतला तेव्हा मातीने तो लगेच प्यायला नाही. वर एक काळपट ठिपका राहिला आणि बघता बघता मुंग्या आल्या. मागे मुकेश उभा होता. मुकेश चाळिशीचा, दौलतच्या जोडीने मंडळीचा कारभार पाहणारा दुसरा ‘वडील’, स्टेशनजवळ त्याचे मोबाइलचे दुकान होते. लहानपणी तो दौलतच्याच रविवारच्या वर्गात शिकला होता. त्याने पाहिले होते. मंडळीचा दुसरा नियम दोघांनाही पाठ होता, कारण तो लिहिला होता दौलतनेच: कोणाचा पेला सलग दोन वेळा भरलेला परत आला, तर वडीलमंडळाने त्याला समोर बसवून कारण विचारायचे, आणि कारण पटले नाही तर त्याला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवायचे. मुकेश एवढेच म्हणाला, की काकीची तब्येत बरी नसेल, थंडी फार आहे. दौलत म्हणाला, हो, थंडी आहे. पुढचे प्रभुभोजन फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते.

दौलत तलासरीकडच्या एका वारली पाड्यावरचा. मिशनच्या बोर्डिंगात शिकला, तंत्रनिकेतनात फॅब्रिकेशनचा डिप्लोमा केला, आणि मग छत्तीस वर्षे बोईसरच्या एका टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात दुसऱ्यांनी केलेले वेल्ड तपासत राहिला. लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. या कामाने त्याच्या बोलण्याला एक ठेवण आली होती. तो वाक्य सुरू करण्याआधी ते मनात संपवून पाहत असे. तारणाच्या, म्हणजे आत्म्याच्या उद्धाराच्या, शाश्वतीवर उपदेश करायची पाळी आली तेव्हाही त्याने तसेच केले होते. त्या रविवारी तो पिशवीतून लोखंडाचे दोन जोड घेऊन आला होता: एकात दोन पट्ट्या नटबोल्टने आवळलेल्या, दुसऱ्यात वेल्ड केलेल्या. नटबोल्ट त्याने सगळ्यांसमोर पान्याने सैल करून दाखवला. मग दुसरा जोड उचलून म्हणाला, याला सैल करायला जागाच नाही, कारण या आता दोन पट्ट्या नाहीत, एक आहे. माणूस एकदा ख्रिस्ताशी जोडला गेला की तो असा. मेंढपाळाच्या मुठीतून कोणी काही ओढून काढू शकत नाही, हे वचन त्याने त्या लोखंडावर हात ठेवून सांगितले होते. म्हाताऱ्या बायकांनी नंतर तो जोड हातात घेऊन पाहिला, एकीने तर नखाने खरवडून पाहिला. अजूनही लोक त्याला दौलतभाऊंचा लोखंडाचा उपदेश म्हणत. पुढच्या रांगेत त्या दिवशी धाकली बसली होती, आणि तिच्या शेजारच्या खांबाला टेकून तिचा थोरला भाऊ बारक्या.

बारक्या गेल्या महिन्यात वारला होता. छातीत पाणी झाले होते. पाड्यावरून जीपने कासाच्या दवाखान्यात आणला, तिथे चार दिवस होता, धाकली त्याच्या उशाशी होती. एकोणीस डिसेंबरला सकाळी तो गेला. दौलत आणि मुकेश पोचले तेव्हा आवारात जीप उभी होती आणि बारक्याचा मुलगा विनोद ड्रायव्हरशी भाड्याचे बोलत होता. तो तसाच वळला आणि त्याने दौलतला विचारले, बाबांना मंडळीच्या जागेत पुरायचे का. विचारण्यात हट्ट नव्हता. जीप डहाणूकडे वळवायची की तलासरीकडे, एवढेच त्याला ड्रायव्हरला सांगायचे होते. पण मुकेश शेजारी उभा होता, आणि दौलतला उत्तर नीट बांधून द्यायचे होते. बारक्याला मेजापासून दूर ठेवून पंचवीस वर्षे झाली होती. त्याच्या म्हाताऱ्या बापाने मरताना नव्या भाताची मूठ मागितली होती, धान्याची देवी कणसरी, तिच्यापुढे ठेवून मग तोंडात घातलेली, जशी ती पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या घालत आले तशी. आणि थोरल्या मुलाच्या हातूनच. बारक्याने ती घातली. मंडळीने त्याला उभे राहून चूक कबूल करायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, बापाला भात भरवला, त्यात चूक कुठली ते दाखवा, मी कबूल करतो. मग तो आलाच नाही. आता प्रश्न असा होता, की जोड सुटत नाही असे शिकवणाऱ्या माणसाने सुटलेल्या माणसाविषयी काय म्हणायचे. शास्त्रात त्याचेही उत्तर होते. जे निघून गेले ते मुळात आपले नव्हतेच. दौलतने ते विनोदला त्याच्या भाषेत सांगितले, कारण विनोदही उंबरगावच्या कंपनीत वेल्डर होता. तो म्हणाला, "विनोद, तो जोड वेल्ड नव्हता. नुसता टॅक मारलेला होता." टॅक म्हणजे पट्ट्या जागेवर राहाव्यात म्हणून मारलेला तात्पुरता ठिपका. पुढे पूर्ण वेल्ड भरायचा असतो, तो भरला नाही तर टॅक कधीतरी उडतोच. विनोदने मान हलवली आणि ड्रायव्हरला तलासरी सांगितले. दवाखान्याच्या पायरीवर भावाची पिशवी मांडीवर घेऊन धाकली बसली होती. पायरी चार हातांवर होती.

घरात धाकली त्याला तू म्हणे, मंडळीसमोर तुम्ही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच हे ठरून गेले होते आणि कोणी ठरवले हे कोणालाच आठवत नव्हते. पेला परत आला त्या रविवारी दुपारी जेवायला वाढताना ती म्हणाली, तुम्हाला अजून भात देऊ का, आणि दौलतचा हात ताटातच थांबला. सोमवारी तुम्ही, मंगळवारी तुम्ही. कपडे वाळत घालताना, गॅसची टाकी आली म्हणून हाक मारताना, मफलर नीट घ्या म्हणताना, तुम्ही. भांडण नव्हते, भाजीत मीठ बरोबर होते. पण आपल्याच घरात आपण एखाद्या सभेला बसलो आहोत असे त्याला वाटू लागले, आणि सभेत बसल्यासारखाच तो सावरून बसू लागला. त्याने स्वतःशी कारणे मांडून पाहिली. भाऊ गेल्याचे दुःख, ते निवेल. दफनाला मंडळीतले कोणी गेले नाही, त्याचा राग. तो समजू शकतो. पण दुःखाने किंवा रागाने माणूस पेला परत ठेवताना तो नीट टेकला आहे का हे बघत नाही. ती बोटे रागावलेली नव्हती. एखादी वस्तू आपली आहे की नाही याची खात्री नसताना माणूस ती जशी जपून परत ठेवतो, तशी ती बोटे होती. हे त्याच्या ध्यानात आले ते बुधवारी, ती तांदूळ निवडत बसली होती तेव्हा, आणि त्याने सरळ विचारले.

धाकलीने सूप खाली ठेवले नाही. तांदळातला एक खडा काढून तिने बाजूला टाकला.

"विनोदला तुम्ही म्हनालात, टॅक मारलेला होता."

"म्हणालो."

"बारक्या आनि मी एकाच दिवशी पान्यात उतरलो. तुम्हीपन. पानी एक, पास्टर एक, इचारलं ते एक, आनि आमी बोललो तेपन एक. मंग माझा काय हाय? टॅक का वेल्ड?"

दौलत म्हणाला की तिचे वेगळे आहे, ती आज चव्वेचाळीस वर्षे टिकली आहे.

"बारक्या एकोनीस वर्षं टिकला. अठराव्या वर्षी तुम्हाला कोनी इचारलं असतं, बारक्याचा काय हाय, तर काय सांगितलं असतंत?"

दौलतने उत्तर संपवून पाहिले आणि मग ते उच्चारले. "वेल्ड."

"हां. मंग मी आता कितव्या वर्षात हाय ते कोनाला ठाव?" ती म्हणाली, आणि सूप हलवून तिने पुढचा खडा शोधायला घेतला. "जो जोडलेला नाय त्यानं पेला घेऊ नये म्हंतात. मला ठाव नाय, म्हनून नाय घेतला."

तो बाहेर ओट्यावर येऊन बसला. समोरच्या बागेत चिकू उतरवणे चालले होते. झेल्याची लांब काठी फांद्यांत शिरत होती आणि चिकू जाळीत पडल्याचा मऊ आवाज येत होता. तिच्या बोलण्यातली चूक तो शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. तारण जात नाही, म्हणून ज्याचे गेले त्याचे नव्हतेच. पण ज्याचे नव्हतेच, त्यालाही एकोणीस वर्षे ते आहे असेच वाटत होते, त्याच्या शेजाऱ्यांनाही, त्याच्या मेहुण्यालाही. मग आज ज्याला आहे असे वाटते त्याच्या वाटण्याला किंमत काय? भिंत पडू नये म्हणून त्याने लावलेला टेकूच भिंतीचा पाया उकरत होता. आणि प्रश्न एकट्या धाकलीचा नव्हता. दौलत आपल्या साक्षीत सांगत आला होता की एकोणीसशे एकोणऐंशीच्या मे महिन्यात, सूर्या नदीच्या पाण्यातून वर येताना अंतःकरणात शांती उतरली. हे वाक्य त्याने इतक्या सभांतून म्हटले होते, की आता डोळे मिटून तो दिवस आठवू गेला तर शांतीऐवजी ते वाक्यच समोर येई. वाक्य बाजूला सारल्यावर जे खरोखर आठवले ते असे: कानात गेलेली गार वाळू, आणि बोर्डिंगातून मागून आणलेला पांढरा सदरा मळणार ही काळजी. लाल रंग फवारावा, पुसावा, पांढरी पूड मारावी, आणि पाहावे तर पांढऱ्यावर काहीच उमटू नये. तडा नाही आणि जोडही नाही, नुसते कोरे.

शुक्रवारी मुकेश आला. चहा घेताना त्याने आधी नव्या फोनचे सांगितले, मग भूकंपाच्या भरपाईच्या अर्जांचे, मग फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मंदिराचा वर्धापनदिन असल्याचे. त्या दिवशी मेजाआधी, वर्षभरात प्रभूमध्ये निजलेल्यांची, म्हणजे विश्वासात वारलेल्या सभासदांची, नावे वाचायची रीत होती. यंदा तीन नावे होती, तीही त्याने लिहून आणली होती. चौथ्याचा विषय त्याने काढला नाही. तो उद्धट मुलगा नव्हता. दारातून परतताना चपला घालता घालता तो हळूच म्हणाला, "काका, त्या दिवशीचा काकीचा पेला मी मोजला नाही असं समजा. पण दुसऱ्यांदा आला तर मला मोजावाच लागेल. नियम तुमचाच आहे." दौलतने मान हलवली. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

मग त्याने केले ते त्याच्या स्वभावाला धरूनच केले. ज्या जोडाविषयी शंका आहे तिथे जाऊन तो बघावा. पुढच्या आठवड्यात तो एसटीने चारोटीला गेला आणि तिथून जीपने हायवेवर उत्तरेकडे. तलासरीच्या अलीकडे बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत होते. सळयांचे उंच पिंजरे उन्हात तांबूस दिसत होते आणि त्यांच्या प्रत्येक सांध्यावर एक एक ठिपका होता. लांबून टॅक आणि वेल्ड सारखेच दिसतात, ही गोष्ट त्याने शिकाऊ पोरांना हजारदा सांगितली होती, आणि सांगताना आपण लांब आहोत असे त्याला एकदाही वाटले नव्हते.

विनोदची त्या दिवशी सुट्टी होती. तो अंगणात मोटारसायकलची साखळी धुवत बसला होता. दौलतला बघून तो उठला, हात पुसले, खाट टाकली, पाणी दिले आणि म्हणाला, "तपासणीला आलात, आतोबा? बाबा पुरून झाले. जोडाचा एक्स-रे काढायला उशीर केलात." मग स्वतःच हसला, आणि त्याची बायको वर्षा आतून म्हणाली की पाहुण्याला आधी चहा तरी पिऊ द्या, मग खिळे मारा. दौलतने विचारायचे ते विचारले, आणि विनोदने काही लपवले नाही. हो, बाबा ताडी प्यायचे. दरवर्षी नवे भात आले की पहिली मूठ कणसरीपुढे ठेवायचे. आज्याला तसा शब्द दिला होता. विनोदच्या लग्नात घरात चौक लिहिला तेव्हा गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या धवलेरीला पुढे होऊन सुपारी त्यांनीच दिली. भिंतीवर अजून तो चौक होता, पांढरा, तांदळाच्या पिठाचा, आणि त्याच्याच शेजारी खिळ्याला मंडळीची कॅलेंडरे होती, धाकली दर नव्या वर्षाला पाठवत असे ती, एकावर एक लटकलेली. दौलत उठून कॅलेंडरांपाशी गेला. वरचे पान त्याने बोटाने सरळ केले. विनोद मागून म्हणाला, की ती ठेवली कारण मागे बैलाच्या इंजेक्शनच्या तारखा लिहिल्यात. दौलत परत येऊन खाटेवर बसला.

"मात्र एक," विनोद म्हणाला. "जेवायच्या आधी डोळे मिटायचे. आमी लहानपनी हसायचो, बाबांना झोप आली म्हनून. ते म्हनायचे, थांबा रे, जरा बोलतो."

"कोणाशी?"

"ते नाय इचारलं कवा. तुम्ही मंदिरातल्या भिंतीवर काच लावलीय ना, भिंत हलली तर कळायला? तशी मानसावर लावायची सोय नाय, आतोबा. नायतर आमी लावली असती."

परतीच्या जीपमध्ये त्याला तंत्रनिकेतनाची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा आठवली. प्रत्येकाने दोन पट्ट्या जोडायच्या आणि परीक्षकाने तो जोड शिकंज्यात आवळून घण घालून वाकवायचा, तुटेपर्यंत. दौलतची पट्टी तुटली तेव्हा आपण नापास झालो असेच त्याने धरले होते. परीक्षकाने तुकडा उजेडात धरला आणि बोटाने दाखवले: वेल्ड जसाच्या तसा होता, तुटले होते ते त्याच्या शेजारचे लोखंड, जिथे तापून ते ठिसूळ झाले होते. जोड चांगला आहे, परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी दौलतला पास केले. पण तेवढे सांगता यायला पट्टी तोडावी लागली होती. तोडल्याखेरीज कळत नाही, आणि तोडल्यावर जे कळते ते त्या पट्टीच्या कामाचे राहत नाही. कासाच्या आवारात त्याने तुटलेला तुकडा लांबून पाहिला होता आणि उजेडात न धरताच निकाल दिला होता. आपण चुकलो असे त्याला वाटले नाही. आपण तपासलेच नाही, असे वाटले. या दोन वाटण्यांत फरक आहे का, याचा विचार तो चारोटी येईपर्यंत करत राहिला, आणि उतरताना मफलर जीपमध्येच राहिला.

त्या संध्याकाळी त्याने सगळे, जसे होते तसे, धाकलीला सांगितले. ताडी, कणसरी, चौक, बैलाच्या तारखा आणि मिटलेले डोळे. बेरीज केली नाही. ती चुलत्याच्या शेतातले वाल सोलत ऐकत होती. मफलर कुठे, एवढे तिने मध्येच विचारले. मग सालपटे गोळा करून तिने पदरात धरली आणि उठता उठता ती पुन्हा खाली बसली.

"कासाला शेवटच्या दिवशी तो शुद्धीवर होता," ती म्हणाली. "मला म्हनाला, धाकले, माझं नाव काढलं काय तिथनं? मी म्हनाले, नाय काढलं. मंग त्यानं पानी मागितलं. तासाभरानं तुम्ही आलात, आनि पायरीवर मी तुमचं ऐकलं." सालपटे तिच्या पदरात कुरकुरली. "मला बाकी काय नको. मी मरनाऱ्याला खोटं बोलले काय, एवढंच सांगा."

दौलतने वाक्य सुरू करण्याआधी ते संपवून पाहायचा प्रयत्न केला, आणि पहिल्यांदाच ते संपले नाही. हो म्हणायला पुरावा नव्हता, नाही म्हणायलाही नव्हता. तो म्हणाला, मला माहीत नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात निराशा नव्हती, उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्याला नीट पाहिले असे त्याला वाटले. मग ती म्हणाली, "त्या मे महिन्यात नदीला पानी किती होतं, आठवतं तुला?"

तुला. आणि मग त्याला पाणी आठवले. गुडघ्याएवढेसुद्धा नव्हते. पास्टर डहाणूहून येणार होता, बाप्तिस्मा पूर्ण बुडवूनच द्यायचा होता, आणि कासाजवळ सूर्येच्या पात्रात त्या उन्हाळ्यात म्हैससुद्धा भिजली नसती. आदल्या दिवशी बारक्या फावडे घेऊन एकटा पात्रात उतरला आणि त्याने वाळूत खड्डा खणला. वाळू पुन्हा पुन्हा आत घसरत होती, म्हणून त्याने ताडाच्या फळ्या उभ्या रोवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जण एकामागून एक आत उतरले तेव्हा तो छातीभर पाण्यात उभा राहून त्या फळ्या पाठीने दाबून धरत होता. दौलतच्या कानात गेलेली ती गार वाळू त्या खड्ड्यातलीच. तो वर आला तेव्हा समोर पहिला चेहरा दिसला तो पास्टरचा नव्हता. ओठ निळे पडलेला बारक्या दात काढून हसत होता आणि म्हणत होता, लवकर निघ, फळी सुटतेय. तो स्वतः सगळ्यांच्या शेवटी, गढूळ पाण्यात बुडाला, आणि तो बुडाला तेव्हा फळ्या धरायला कोणी नव्हते. हे दौलतने कुठल्याही साक्षीत सांगितले नव्हते. लपवायचे म्हणून नव्हे. ते त्याला शांतीच्या वाक्याचा भाग वाटले नव्हते. अकराही जण त्या एकाच्या खड्ड्यात बुडवले गेले. तो खड्डा खोटा धरला तर पाणी कुठले खरे धरायचे, हे त्याने स्वतःला विचारले, आणि हा तर्क कच्चा आहे हेही त्याला लगेच दिसले. खड्डा खणणाऱ्याचे तारण खड्ड्यावरून ठरत नाही. तर्क कच्चा होता तरी तो हलत नव्हता.

"आठवतं," तो म्हणाला. धाकली सालपटे टाकायला मागच्या दारी गेली.

४ फेब्रुवारीच्या सकाळी मंदिरात पताका लावल्या होत्या आणि बायकांच्या बाजूला दोन चटया जास्त घातल्या होत्या. मनुकांचा रस आदल्या संध्याकाळी धाकलीनेच काढला होता. ती घेणार की नाही हे दौलतने विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते. भेगेवरची काच त्याने नेहमीप्रमाणे पाहिली. ती शाबूत होती, आणि त्या शाबूत असण्यावरून आज काय समजायचे ते त्याला कळले नाही. गीत झाले, प्रार्थना झाली, मग मुकेशने नावांची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. दौलतने तीन नावे वाचली, प्रत्येक नावानंतर तारीख आणि गाव, जसे नेहमी वाचत असे तसे. मग चिठ्ठी दुमडून त्याने मेजावर ठेवली आणि त्याच आवाजात म्हटले, "बारक्या लखमा धोडी. एकोणीस डिसेंबर, कासा."

पुरुषांच्या बाजूला एक खुर्ची सरकली. मुकेशने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, एखादा हिशेब आपल्याला चुकून दिला गेला असावा तशा नजरेने. दौलतने खुलासा तयार केला नव्हता. नाव सुरू करण्याआधी त्याने ते संपवून पाहिले होते, आणि नावापुढे काही नव्हते. त्याने भाकर मोडली आणि तबके पुढे केली. बायकांच्या बाजूला आज मुकेश गेला. मेजापाशी उभ्या दौलतला तबकाची फक्त कड दिसत होती, आणि मग तिसऱ्या चटईवर धाकलीचा हात. पेला उचलला गेला. सगळ्यांनी मिळून घ्यायचा शब्द त्याने उच्चारला, स्वतःचा पेला ओठांना लावला, आणि गिळता गिळता त्याने पाहिले: तिचा पेला रिकामा होता. घरात पाणी पिऊन झाल्यावर ती पेला जसा पालथा करून बघते, तसा तिने तो क्षणभर पालथा धरला आणि मग भोकात टेकवला.

तबके परत आली. मुकेशने आपले तबक ठेवले आणि तो मेजापासून हलला नाही. त्याच्या स्वतःच्या पेल्यातला रस काठापर्यंत तसाच होता.

"काका, आज मोजावे लागतील," तो हळू म्हणाला.

"मोजू या," दौलत म्हणाला, आणि दोघांनी मिळून मोजले. एकेचाळीस पेले. रिकामे सदतीस, भरलेले चार.